काजळ, काजळी आणि सुरमा

डिझेल इंजिनाच्या धुरातली काजळी गाळून काढायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. पीएचडीही त्यातच झाली. आणि आई सांगलीहून येताना हीच काजळी नातीसाठी डबीत भरून घेऊन आली! एरंडेलाची वात लावायची, वर तांब्याचं ताट उपडं धरायचं, रात्रभरात धरलेली काजळी खरवडून तुपात खलायची. अर्धवट जळालेल्या तेलातला कार्बन, दुसरं काही नाही. टायर काळा होतो तो याच्याच चुलतभावामुळे.

वर्षाच्या तपासणीला इथल्या, म्हणजे नोव्हायच्या, दवाखान्यात एक प्रश्नावली हातात आली. शिशाबद्दलची. आमच्यापासून तासाभरावरच्या फ्लिंट शहरात २०१४ पासून नळाच्या पाण्यातून शिसं घरोघर गेलं, तेव्हापासून मिशिगनमध्ये सगळे या विषयाला दचकून असतात. २०२३ च्या कायद्याने १२ आणि २४ महिन्यांच्या बाळांचं रक्त तपासायचंही ठरलं. तर त्या कागदावर एक प्रश्न खास आपल्यासाठी: बाळाला काजळ किंवा सुरमा लावता का?

आई दुखावलीच. "अरे, हजारो वर्षं घालतायत लोक. तुला मीच घातलं ना?" (मला चष्मा आहे. पण तो मुद्दा वेगळा.)

हजारो वर्षं हे खरंच आहे. प्राचीन इजिप्तमध्ये बायका-पुरुष सगळेच डोळे रंगवत. थडग्यांतल्या डब्यांमधली भुकटी लूव्र संग्रहालयात आहे. फिलिप वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी तिचं पृथक्करण १९९९ साली 'नेचर'मध्ये छापलं. काळा भाग गॅलिना, म्हणजे शिशाचं सल्फाइड. गंमत पुढेच आहे. त्यात लॉरिओनाइट आणि फॉसजेनाइट ही शिशाची पांढरी संयुगंही निघाली, जी निसर्गात क्वचितच सापडतात. म्हणजे मुद्दाम बनवलेली! शिशाचं ऑक्साइड मिठाच्या पाण्यात कालवायचं, पाणी रोज बदलायचं, असं कित्येक आठवडे. हे वाचून मी तीन ताड उडालो. २०१० मध्ये असंही दिसलं, की अशा शिशाच्या अत्यल्प मात्रेने त्वचेच्या पेशी जास्त नायट्रिक ऑक्साइड सोडतात, आणि त्यातून जंतूंशी लढणाऱ्या पेशींना आवतण जातं. नाईलकाठी त्याचा फायदा झालाही असेल. पण बाळ डोळे चोळतं आणि तीच बोटं चोखतं. आणि लहान मुलांच्या रक्तात शिसं किती असलेलं चालतं, याची सुरक्षित अशी पातळी सापडलेलीच नाही.

आईच्या डबीशेजारी घरात आणखी एक डबी होती. बारशाला आहेरात आलेली, सुरम्याची, आत काय आहे याचा एक शब्द नाही. आमच्या लॅबमध्ये एक्स-रे फ्लुरोसन्सचं यंत्र आहे. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही त्याखाली धरल्या. आईच्या काजळाचा आलेख जवळपास सपाट, कारण कार्बन त्या यंत्राला दिसतच नाही. सुरम्याच्या आलेखात मात्र १०.५ आणि १२.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला दोन उंच सुळके. शिसं! दिसायला दोन्ही सारखेच काळे हो. अमेरिकेच्या एफडीएने सुरम्याला प्रसाधनांत मुभा दिलेली नाही ती उगाच नाही.

मुलीच्या रक्ताचा अहवाल चांगला आला. आलेख आईला दाखवला, तर तिने फक्त आपलाच पाहिला. डॉक्टरांचं म्हणणं, घरचं असलं तरी डोळ्यांत नको, जंतू जातात. आईने बरीच घासाघीस केली. सध्या त्या काजळाची तीट उजव्या तळपायाला लागते, आणि वर मोजा.