उजेड दिसेल तिथपर्यंत

गेन्सव्हिल, फ्लॉरिडा
रविवार, रात्र

तीर्थस्वरूप मामा,


शुक्रवारी फोनवर मी पाण्याखालच्या गुहेत जाते म्हणाले, तेव्हा तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन मामींकडे दिलात. आज सकाळी मामींनी सांगितलं की तेव्हापासून तुमचं जेवणात लक्ष नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही. कालचा अख्खा दिवस जसा गेला तसा लिहिते. वाचून झाल्यावर रागवायचं असेल तर जरूर रागवा.

काल मी आणि माझी मैत्रीण उजाडायच्या आत निघालो. ती कोल्हापूरची, पंचगंगेत पोहायला शिकलेली. पाण्याखाली मी जाते ती तिच्याच जोडीनं, दुसऱ्या कुणाबरोबर नाही. इथून तासाभराच्या आत सांता फे नावाची नदी लागते. तिचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. घाण नव्हे, वरच्या दलदलीतल्या पानापाचोळ्याचा अर्क उतरतो म्हणून. वर एका ठिकाणी ही सबंध नदी जमिनीत शिरते आणि सुमारे पाच किलोमीटरवर पुन्हा वर येते. मधल्या टप्प्यात माणसं झाडीतून चालत असतात आणि नदी त्यांच्या पायाखालून जात असते.

रम आयलंड नावाच्या धक्क्यावरून होडी पाण्यात ढकलली. दोन माणसांची अरुंद होडी, दोघींच्या हातात एकेक वल्हं. काठाला सायप्रसची झाडं, त्यांच्या मुळांतून वर आलेले खुंट गुडघ्यांसारखे पाण्याबाहेर उभे. फांद्यांवरून राखी रंगाच्या जटा लोंबतात. ओंडक्यावर कासवं ओळीनं ऊन खात बसलेली. होडी जवळ गेली की एकामागून एक डुबुक, डुबुक. मगरी या नदीत आहेत, हेही लपवत नाही. काल एकही दिसली नाही.

मग डाव्या हाताला ब्लू स्प्रिंग्जचा प्रवाह येऊन मिळाला. मामा, तिथे मी वल्हं मांडीवर ठेवलं. काळं पाणी आणि निळं पाणी शेजारी शेजारी वाहत होतं, मधे रेघ. होडीचा पुढचा अर्धा भाग चहात आणि मागचा अर्धा काचेवर. निळ्या बाजूला तळाचं गवत, गवतातले मासे, आणि तळावर आमच्या होडीची सावलीसुद्धा दिसत होती. काठावरच्या लहान उमाळ्यांत पाणी जिथून वर येतं तिथे वाळू रटरटत असते, अगदी चुलीवरच्या पिठल्यासारखी. हात घातला तर गार. बाराही महिने २२ अंश, त्यात कमी-जास्त नाही. आपल्याकडे राजापूरची गंगा आली असं कळलं तेव्हा तुम्ही आजीला एसटीनं घेऊन गेला होतात. साधारण तीन वर्षांनी येणाऱ्या त्या पाण्यासाठी आजी रात्रभर जागी होती. ती आज असती तर इथे प्रत्येक वळणावर तिनं हात जोडले असते. या राज्यात असे हजारावर झरे आहेत.

तुम्ही विचाराल, एवढं पाणी जमिनीखाली राहतं कुठे? आपला काळा कातळ लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला भेगा असतील तिथेच पाणी. म्हणून तर आपल्या विहिरीला अठराव्या फुटाला झरा लागला आणि शेजारच्या मळ्यात चाळीस फुटांवरही खडखडाट. इथला दगड समुद्रतळावर साचलेल्या शिंपल्यांचा, चुनखडीचा, सुमारे साडेतीन कोटी वर्षांचा. पाऊस मातीतून झिरपताना किंचित आंबट होतो आणि हा दगड हळूहळू विरघळवतो. भेगेची फट होते, फटीचा बोळ, बोळाची गुहा. ती सगळी पाण्यानं भरलेली. आपल्याकडे पाणी दगडात अडकतं, इथे पाण्यानं दगड पोखरून स्वतःला वाट केली आहे.

प्रवाहाविरुद्ध वल्हवत परत आलो. दंड भरून आले. डब्यातली मेथीची धपाटी खाल्ली आणि गाडीनं गिनी स्प्रिंग्जला गेलो. आता तुम्हाला ज्याची काळजी आहे ते.

गिनीचा झरा म्हणजे रानातली निळी कटोरी. तिच्या तळाशी दगडात एक तोंड आहे. आत गेलं की मोठं दालन लागतं, त्याला इथे बॉलरूम म्हणतात. सगळ्यात खोल जागा पन्नास फुटांच्या आसपास, म्हणजे तुमच्या मोजणीनं आठ-नऊ परस. दालनाच्या शेवटी गुहा पुढे जाते, पण तिथे जाड लोखंडी गजांची जाळी पक्की बसवलेली आहे. पूर्वी लोक तिथून पुढे गेले आणि परत आले नाहीत, म्हणून.

मामा, गुहेत जाणं दोन प्रकारचं असतं. एक, जिथे दिवसाचा उजेडच पोचत नाही तिथे जाणं. ते मी करत नाही. दुसरं, तोंडापासून आत, पण मागे वळलं की बाहेरचा उजेड डोळ्यांना दिसेल तिथपर्यंतच. त्याला कॅव्हर्न डायव्हिंग म्हणतात. मी त्याचंच शिक्षण घेतलं आणि तेवढंच करते. सूर्य मावळला की ती गुहा आमच्यासाठी बंद. ढगानं उजेड गेला तरी मागे.

हे नियम कसे झाले, ऐका. शेक एक्सली नावाचा इथलाच एक पाणबुड्या होता. १९६० आणि १९७० च्या दशकांत या गुहांत माणसं मरत होती, त्यांत चांगले पोहणारेही होते. एक्सलीनं प्रत्येक मृत्यूची चिकित्सा केली, की नेमकं काय चुकलं. १९७९ साली त्याचं छोटं पुस्तक आलं आणि आजही शिकवणारे त्याच वाटेनं शिकवतात. बाहेरपर्यंत अखंड दोरी नव्हती. हवा परतीपुरती उरली नव्हती. झेपेल त्यापेक्षा खोल गेले. पुढे त्यांत शिक्षण नसणं आणि पुरेसे दिवे नसणं याची भर पडली. तो स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोत एका अतिखोल विवरात मरण पावला. हेही तुम्हाला सांगते, कारण अर्धवट सांगून तुमची समजूत काढायची नाही.

हवेचा हिशेब तीन भागांत वाटून होतो. एक भाग जायला, एक यायला, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. तो अडचणीचा, जोडीदाराचा. माझ्या टाकीचा काटा सुरुवातीला तीन हजारांवर होता. दोन हजारांवर आला की माघार, समोर काहीही असो. कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं काय सांगायचं? बियाण्याचं पोतं तुम्ही भुकेच्या वर्षीही फोडलं नाहीत.

आणि दोरी. तिच्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला बसले.

मी सात वर्षांची होते. तुम्ही माझ्या पाठीला पांगाऱ्याची लाकडं बांधलीत, कमरेला दोर बांधलात आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळून विहिरीच्या थारोळ्यावर बसलात. मी पाण्यात पडल्या पडल्या बोंब ठोकली. तुम्ही वरून एवढंच म्हणालात, "दोर ताठ आहे तोवर मी हाय." महिनाभरानं लाकडं सुटली, मग दोर सुटला. पण दोर ढिला पडला की पोटात गोळा यायचा, तो अजून आठवतो.

काल मैत्रिणीनं रिळावरच्या दोरीची पहिली गाठ मोकळ्या पाण्यात मारली, डोक्यावर आभाळ असताना. दुसरी तोंडाच्या आत, खडकाच्या नाकाला. मग ती पुढे, मी मागे, आणि दोरी माझ्या अंगठा-तर्जनीच्या कड्यातून सरकत होती. दोरी ताठ ठेवायची हा इथलाही पहिला धडा. ढिली पडली तर पायाच्या पंखात अडकते आणि गाळ उठलाच तर तिच्यावरून वाट सापडत नाही. गाळ उठू नये म्हणून पायसुद्धा बेडकासारखे, गुडघ्यात वाकवून मारायचे. खाली वर आपटायचे नाहीत.

आत शिरलं की आपलाच श्वास ऐकू येतो. आत घेताना सूं, सोडताना बुडबुड्यांचा गडगडाट, आणि ते बुडबुडे छताला जाऊन पाऱ्यासारखे पसरतात. भिंती पांढऱ्या, पाण्यानं वाटीवाटीनं कोरलेल्या. एका ठिकाणी दिवा जवळ नेला तर दगडात शिंपला होता, माझ्या नखाएवढा. त्याच्या पन्हळी मोजता येत होत्या. बोट लावलं नाही, नुसती बघत राहिले.

जाळीपाशी पोचलो. गजांमधून झरा येतो तो वाऱ्यासारखा. दोन्ही हातांनी गज धरले तर अंग आडवं होऊन मागे फडफडायला लागतं, काठीवरल्या निशाणासारखं. नगारखान्याशी उभं राहिल्यावर जसा नाद छातीत शिरतो, तसं ते पाणी छातीवर येत होतं. जाळीपलीकडे काळोख. मी मागे वळले. दालनाच्या दुसऱ्या टोकाला, वर, निळी खिडकी होती. उन्हाचे पट्टे त्यातून तिरके आत आलेले. डोळ्यांत पाणी आलं, आणि मुखवट्यात ते पुसता येत नाही.

काटा बावीसशेवर होता. अजून दोनशे शिल्लक होते. तेवढ्यात मैत्रिणीनं अंगठा वर केला.

आपल्याकडे त्याचा अर्थ 'झकास'. पाण्याखाली त्याचा अर्थ 'बाहेर चला'. आणि त्याला 'का' विचारायचं नसतं. कुणीही, कधीही, कशासाठीही अंगठा दाखवला की दुसऱ्यानं अंगठा दाखवायचा आणि वळायचं. मी वळले. आता मी पुढे आणि ती मागे, दोरी गुंडाळत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या खिडकीकडे अजून घटकाभर बघायचं होतं. वर आल्यावर ती म्हणाली, "काही झालं नव्हतं गं. मन बेचैन झालं." मी तिला थर्मासमधला चहा दिला. विहिरीवर मी काकुळतीला येऊन "अजून एक उडी" म्हणायचे आणि तुम्ही आभाळाकडे बघून "बास" म्हणायचात. त्या "बास"चा मला केवढा राग यायचा.

शेजारीच डेव्हिल्स आय, म्हणजे सैतानाचा डोळा, नावाचा दुसरा झरा आहे: गोल आड, तळाशी काळं तोंड. आपल्या डोहात साती आसरा राहतात, तसाच हा प्रकार. लोकांना दूर ठेवायला प्रत्येक मुलखात पाण्याला कुणीतरी राखणदार दिलेला असतो. या झऱ्यावरचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्यानं गुहेचं शिक्षण घेतलेलं नाही त्याला तिथे दिवा नेऊच देत नाहीत. हातात दिवा नसला की माणूस अंधारात शिरत नाही. आजी आसरांसाठी विहिरीवर हिरवा खण आणि नारळ ठेवायची आणि तिन्हीसांजेनंतर आम्हाला पायरीवरसुद्धा उतरू द्यायची नाही. मला दोन्हींत फरक दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मला छळते. निळ्या पाण्यातलं गवत बऱ्याच ठिकाणी हिरव्या, बुळबुळीत शेवाळानं झाकलंय. वरच्या शेतांतलं खत आणि घरांच्या शोषखड्ड्यांतलं पाणी त्या सच्छिद्र दगडातून थेट खाली उतरतं. नायट्रेट वाढतं, शेवाळ माजतं. त्यात २०२१ मध्ये इथल्या जलव्यवस्थापन मंडळानं गिनीच्या झऱ्याजवळून बाटल्यांत भरण्यासाठी रोज जवळजवळ १० लाख गॅलन, म्हणजे ३७ लाख लिटरच्या आसपास, पाणी उपसायला परवानगी दिली. लोकांनी विरोध केला, तरी दिली. जमीन किती पाणी देतेय हे बघून उपसा ठरत नाही, हे तुम्ही आपल्या गावात बोअरच्या बाबतीत वीस वर्षं ओरडून सांगताय. इथे येऊन मला तुमचा संताप कळला.

हे जमिनीखालचं पाणी वरच्या लोकांना दाखवणाराही एक जण होता. हाय स्प्रिंग्ज या जवळच्या गावात वेस स्काइल्स म्हणून एक पाणबुड्या, छायाचित्रकार राहायचा. २००३ च्या त्याच्या माहितीपटात जिल हाइनर्थ ही बाई जमिनीखालच्या गुहेतून पोहत जाते आणि वर हे लोक तिच्याकडून येणारा संकेत यंत्रावर पकडत, रस्ते-इमारती ओलांडत तिच्या मागोमाग चालतात. आपला पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून चालायचा, त्याची आठवण झाली. फरक इतकाच की इथे खाली खरोखर कुणीतरी होतं, आणि वरच्यांना दिसत होतं की आपल्या अंगणाखालून कुणाचं पाणी जातंय. स्काइल्स २०१० मध्ये समुद्रात मरण पावला. पीकॉक स्प्रिंग्ज उद्यानाला आता त्याचं नाव आहे.

रात्र फार झाली. कपडे अजून न्हाणीत ओले टांगलेत, त्यांना झऱ्याचा दगडी वास येतोय.

दिवाळीनंतर मी येतेय. आपल्या विहिरीचा पूर्वेकडचा झरा, पायऱ्यांच्या उजव्या बाजूचा, अजून जिवंत आहे का? मामी म्हणाल्या उन्हाळ्यात तो मेच्या आधीच आटला. धाकटीच्या मुलाला सातवं लागलंय. विहिरीत पाणी असेल तर पांगाऱ्याची लाकडं बघून ठेवा. आणि दोर तुमच्याच हातात असू द्या, मी पाण्यात उतरेन.

जेवा.

तुमची भाची