मालावरचं नाव

शनिवार सोडला तर मार्केट यार्डाचा दिवस उजाडायच्या कितीतरी आधी सुरू होतो. जुन्नर-पुरंदरकडच्या गाड्या गुलटेकडीच्या फाटकातून आत शिरतात, हमालांच्या पाठीवर डाग चढतात आणि उन्हं वर यायच्या आत जो माल विकला जात नाही त्याचा भाव पडायला लागतो. पालेभाजीचं तर विचारूच नका. या बाजाराच्या अंगालाच मी वाढले. अण्णा कांदा-बटाटा विभागात तोलणार होते.

आणि मी पोटासाठी काय करते, तर वेळ थांबवते. असं म्हणायला छान वाटतं. प्रत्यक्षात माझा बराचसा दिवस चिकटपट्ट्या लावण्यात आणि वही लिहिण्यात जातो. कॅन्सरच्या रुग्णांचं वीर्य, स्त्रीबीजं, अंडाशयाचे तुकडे गोठवून ठेवणाऱ्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं गाठीबरोबर अंडाशयातल्या बीजांवरही उठतात. मुलगी तो साठा जन्मतःच घेऊन आलेली असते, संपला की पुन्हा भरत नाही. म्हणून केमोच्या आधी आमच्याकडे यायचं. पुरुषांचं काम तासाभरात उरकतं. बाईला साधारण दोन आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात. तेवढंही थांबता येत नसेल, किंवा मुलगी अजून वयातच आलेली नसेल, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने अंडाशय काढतात आणि ते बर्फावर ठेवून आमच्या टेबलावर येतं.

हे काम मला आवडतं. आतला मऊ गर हलक्या हाताने खरवडून काढायचा आणि बाहेरची जेमतेम मिलिमीटरभर जाडीची साल तेवढी ठेवायची, कारण बीजं असतात ती सालीत. मग तिच्या पट्ट्या कापायच्या. त्या तशाच गोठवल्या तर टोमॅटो फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढल्यावर त्याचं जे होतं तेच होईल: पेशींतल्या पाण्याचा बर्फ पेशीच फोडतो. म्हणून पट्ट्या आधी डीएमएसओसारख्या द्रावात मुरू द्यायच्या. मग यंत्र तापमान उतरवत नेतं. उणे सातच्या आसपास ते थांबतं, तेव्हा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेला चिमटा कुपीला बाहेरून टेकवायचा. टेकला तिथे एक पांढरा ठिपका उमटतो आणि बघता बघता सगळ्या द्रावात पसरतो. बर्फ पेशींच्या बाहेर, आपण सांगू तिथून सुरू झाला पाहिजे. पुढे मिनिटाला अंशाचा जेमतेम तिसरा हिस्सा, इतक्या सावकाश उतरायचं. शेवटी टाकी, उणे १९६.

ब्रुसेल्समध्ये १९९७ साली एका बाईच्या अंडाशयाचे तुकडे असेच केमोआधी काढून ठेवले होते. ते पुन्हा तिच्या पोटात बसवले आणि २००४ मध्ये तिला मुलगी झाली. हे आम्ही नव्या मुलांना शिकवतो. मी मात्र त्यांना आधी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्याबद्दल सांगते. १९७८ साली गोठवलेल्या गर्भापासून त्यांनी दुर्गा नावाची मुलगी जन्माला आणली. सरकारी समितीने त्यांचं ऐकलं नाही, १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून नाव झालं ते मुंबईच्या केईएममध्ये १९८६ साली जन्मलेल्या हर्षाचं. पण त्या कामातलेच डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांची टिपणं वाचली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, आपला नाही, असं १९९७ मध्ये जाहीर सांगून टाकलं. माणूस गेला तरी टिपणं राहिली होती. म्हणून माझा वहीवर जीव.

नायट्रोजनमधला माल आपण होऊन बिघडत नाही. बिघडते ती चिठ्ठी. कुपीवरचं नाव एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने वहीत ताडून बघायचं, मगच कुपी टाकीत जाते. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. "वजनाची चूक निस्तरता येते गं," ते म्हणाले, "नावाची चूक झाली तर एकाचा पैसा दुसऱ्याच्या पट्टीत." मग त्यांनी व्यवहाराचं विचारलं.

"माल किती दिवस राहतो?"

"वर्षानुवर्षं."

"भाडं?"

"वर्षाचं वर्षाला."

"आणि मालक आलाच नाही तर?"

हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्येही आहे. माझ्या पश्चात काय करावं: नष्ट करावं, संशोधनाला द्यावं, की आणखी काही. रुग्णाने तो रकाना केमो सुरू व्हायच्या आधी स्वतःच्या हाताने भरायचा असतो, बहुतेक वेळा आई शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना. मागे एका कॉलेजातल्या पोराने त्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'मी येणार आहे.'

मी त्याला कोरा फॉर्म दिला. हा रकाना मोकळा सोडून चालत नाही. तो माझ्यावर चिडला, आई रडायला लागली, पण शेवटी त्याने भरला. पहिला फॉर्म फाडायचा असतो. मी तो दुसऱ्याच्या मागे टाचून फाइलला लावला.