ब्रायटनचा एक दिवस

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पूर्णेवरील येलदरीचा जलाशय भरला, की तो पाहण्यासाठी जिंतूरकडे गाड्या वळतात; अथांग पाण्याशी इथल्या माणसाची ओळख तेवढीच. मात्र सेलू, मानवत, जिंतूर आणि परभणीच्या पेठेतील अनेक घरांची मुले आता लंडनमध्ये नोकरीस आहेत आणि आई-वडील पाहुण्यांच्या व्हिसावर, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी, त्यांच्याकडे जाऊन राहतात. मुलगा-सून कामावर गेली की दिवस मोठा होतो. पॉटर्स बार येथील ओसवाल समाजाच्या देरासरात दर्शन होते, लंडनमधील राजवाडा बाहेरून पाहून होतो. मग मुले समुद्रकिनारी ब्रायटनला जाण्याचा आग्रह धरतात आणि आई-वडील मागे सरतात. तिथे खायचे काय आणि पाहायचे काय, हे त्यांचे दोन प्रश्न असतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर समाधानकारक आहे.

खाण्याचे आधी पाहू. इंग्लंडच्या किनाऱ्यावर मासे आणि चिप्स हेच मुख्य खाणे. चिप्स म्हणजे बटाटा, त्यामुळे कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांचा प्रश्नच मिटतो. जे बटाटा खातात त्यांनीही जपावे. अनेक दुकानांत ते माशांच्याच तेलात तळतात, काही ठिकाणी तर गाईच्या चरबीत. आइस्क्रीममध्ये अंडे असू शकते, जेलीसारख्या गोळ्यांत जिलेटिन. तेव्हा दशम्या, खाकरा, शेंगदाण्याची चटणी असा डबा घरूनच न्यावा. सूर्यास्ताची चिंता मात्र उन्हाळ्यात राहत नाही. जूनच्या अखेरीस तेथे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यास जगात याहून सोयीचे गाव क्वचितच सापडेल. डिसेंबरात तोच सूर्य चारच्या सुमारास जातो, म्हणून हिवाळ्यात हा बेत करू नये. चातुर्मास बसण्यापूर्वीचा जून महिना सर्वांत उत्तम.

डबा उघडताना आकाशाकडे लक्ष असू द्यावे. तेथील समुद्रपक्षी मांजराएवढे धीट असून हातातला घास उचलून नेतात. रोज सकाळी कबुतरांना दाणे टाकणाऱ्या मंडळींचा हात साहजिकच पिशवीकडे जाईल. पण या पक्ष्यांना खाऊ घालू नये अशी तेथे सूचना असते आणि ती पाळावी.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून ब्रायटनची गाडी सुमारे तासाभरात पोहोचते. सकाळच्या गर्दीची वेळ टळल्यावर तिकीट बरेच स्वस्त पडते, हे व्यापारी माणसाला निराळे सांगायला नको. या स्थानकावर क्षणभर थांबण्यास मराठी माणसाला कारण आहे. 13 मार्च 1910 रोजी पॅरिसहून परतलेल्या विनायक दामोदर सावरकरांना येथेच अटक झाली. त्याआधी काही महिने, 1909 मध्ये, ते ब्रायटनला गेले होते. थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेपेची शिक्षा झालेली, मदनलाल धिंग्रा फासावर गेलेले, स्वतःची प्रकृती ढासळलेली. बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव निरंजन सोबत होते. किनाऱ्यावर बसलेल्या सावरकरांना ‘सागरास’ ही कविता तेथे स्फुरली, हे निरंजन पाल यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे ती परभणीच्या शाळांतही पोहोचली. ज्या समुद्राला उद्देशून ती लिहिली, तो पाहण्यासाठी स्थानकापासून सरळ उताराने चालत गेले की पुरते.

किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. अनवाणी चालवत नाही; जाड तळव्याचे बूट आणि बसायला घडीची सतरंजी हवी. जूनमध्येही वारा बोचतो, तेव्हा शाल घ्यावी. समुद्रात शिरलेला लांबलचक धक्का 1899 चा आहे. त्यावर पैसे टाकून नशीब आजमावण्याची यंत्रे खच्चून भरली आहेत. नातवंडांना तेथून लवकर बाहेर काढावे आणि किनाऱ्यालगतच्या छोट्या विजेच्या गाडीत बसवावे. 1883 मध्ये सुरू झालेली ही गाडी आजही चालणाऱ्या विजेच्या रेल्वेगाड्यांत जगातील सर्वांत जुनी आहे.

याच गावात पाटण्याच्या साके दीन महंमद यांनी नाव कमावले. 1810 मध्ये लंडनला त्यांनी हिंदुस्थानी पद्धतीचे खाद्यगृह काढले, पण दोनच वर्षांत दिवाळे निघाले. नंतर ते ब्रायटनला आले, औषधी वाफेचे स्नान आणि चंपी यांचा धंदा मांडला आणि राजाचे मर्दनकार झाले. इंग्रजीतला ‘शॅम्पू’ हा शब्द चंपीशीच नाते सांगतो. भांडवल बुडाल्यावर गाव आणि व्यवसाय दोन्ही बदलून उभा राहिलेला हा माणूस व्यापारी घरांतील तरुणांना अवश्य सांगावा.

गावाच्या मध्यभागी घुमट-मिनारांचा राजवाडा आहे. जॉन नॅश या वास्तुविशारदाने 1815 ते 1822 या काळात त्याला बाहेरून हिंदुस्थानी रूप दिले. आतली चिनी सजावट डोळे दिपवते, पण मन लागत नाही. मन लागते ते पहिल्या महायुद्धातील इस्पितळाच्या हकिगतीत. 1914 च्या अखेरीस फ्रान्सच्या आघाडीवरील जखमी हिंदी सैनिकांसाठी येथे सातशेहून अधिक खाटा मांडल्या गेल्या. नऊ स्वयंपाकघरे निघाली: मुसलमानांची वेगळी, मांसाहारी हिंदूंची वेगळी, शाकाहाऱ्यांची वेगळी. पाण्याचे नळसुद्धा निराळे होते. यात साम्राज्याचा स्वार्थ होताच. सैनिक नाराज होऊन चालणार नव्हते, आणि या सरबराईची छायाचित्रे प्रचारासाठी भरपूर वापरली गेली. तरीही शंभर वर्षांपूर्वी, युद्धाच्या धामधुमीत, शाकाहारी शिपायासाठी याच गावात स्वतंत्र चूल पेटली होती. तेव्हा आज तेथील उपाहारगृहात शिरून ‘यात अंडे आहे का’ असे विचारण्यास संकोचण्याचे काहीच कारण नाही.

त्या इस्पितळांत दगावलेल्या 53 हिंदू व शीख सैनिकांचे दहन गावाबाहेर पॅचमच्या टेकडीवर झाले आणि रक्षा समुद्रात विसर्जित करण्यात आली. दहनाच्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा, अनावरण 1 फेब्रुवारी 1921 चे. टॅक्सी पायथ्यापर्यंत नेते, पुढचा चढ पायीच. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, पाण्याची बाटली विसरू नये. डबा खाली गावातच संपवून यावे. छत्रीजवळ 2010 मध्ये बसवलेल्या शिळेवर त्या 53 जणांची नावे कोरलेली आहेत; घाई न करता ती एकेक वाचावीत. दरवर्षी जूनमध्ये तेथे स्मृतिसभा भरते. तिचा दिवस मुलांकडून आधी विचारून घेतला, तर ब्रायटनचा बेत त्याच दिवशी जुळवता येतो.