कोल्हापूरची तालीम

कोल्हापूरला गेलेला पाहुणा प्रथम अंबाबाईचे दर्शन घेतो, मग तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर ताव मारतो आणि परतताना चपलांचा एक जोड पिशवीत टाकतो. यांतले काही चुकवा, असे मी कोणालाच सांगणार नाही; रश्श्याच्या बाबतीत तर मुळीच नाही. पण वाचकहो, एखादे दिवशी जरा भल्या पहाटे उठावे आणि तिथल्या एखाद्या तालमीच्या दारात उभे राहावे, एवढे मात्र जरूर सुचवीन.

मी मराठीचा मास्तर. मला तालमीकडे ओढून नेले ते तिच्या नावाने. ‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ शिक्षण. मराठीने त्याला दोन घरी नांदवले, एक आखाड्यात आणि दुसरे रंगभूमीवर. कोल्हापुरात ही दोन्ही घरे अगदी शेजारी-शेजारी. एकीकडे खासबागेचे कुस्ती मैदान आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांची देणगी. नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत सापडले, तेव्हा सारे कोल्हापूर घरचे माणूस गेल्यासारखे हळहळले.

१९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले. इतरांनी अशा वेळी एखादे चित्र विकत घेतले असते. महाराजांनी परत येऊन मैदानच उभारले! १९१२ साली ते खुले झाले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी ही जागा एखाद्या भल्यामोठ्या परातीसारखी आहे. त्यामुळे सर्वांत मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही पुढे बसलेल्या सरदाराइतकीच कुस्ती स्वच्छ दिसते. शाहू महाराजांचा सारा कारभार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या रचनेचे नवल वाटायचे नाही.

मैदान हा झाला परीक्षेचा दिवस. अभ्यास चालतो तालमीत. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही तिथली नामांकित विद्यापीठे. आत शिरले की मारुतीची मूर्ती, भिंतीशी टेकवलेले करेल आणि मुद्गल, आणि खाली हौदात ती तांबडी माती. ही माती नुसती शेतातून आणून ओतलेली नसते. ती चाळतात, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर मिसळतात आणि रोज उकरून मऊ ठेवतात. आमच्या घरी पुरणाची निगा इतकी राखली जात नाही. आणि या मातीने आपल्या भाषेलाही काय थोडे दिले? शड्डू ठोकणे, चीतपट करणे, अस्मान दाखवणे, डावपेच, धोबीपछाड! निवडणुकीच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी एकदा तरी हौदाला नमस्कार करून यावे.

मी गेलो त्या तालमीत वस्तादांनी मला एका बाकावर बसवले. समोर खेड्यापाड्यांतून आलेली पोरे जोर-बैठका मारीत होती. खुराकाला किती खर्च येतो, असे मी विचारले. वस्ताद हसले. म्हणाले, “सर, दूध हाय, तूप हाय, बदाम हाय. पण बाप एकटा किती करणार? पैलवानाचं अंग एकट्याचं नसतंय.”

हे वाक्य ऐकले आणि मला खाशाबा जाधव आठवले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला तो गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मातीत वाढलेल्या या मल्लाने परक्या गादीवर सहावा क्रमांक मिळवला. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैशांची तोंडमिळवणी होईना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे थांबावे लागले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशांतून गुरूचे कर्ज फेडले. पुढे ते पोलिसात नोकरीला लागले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सरकारची उधारी फिटायला अंमळ वेळच लागतो.

पुढे १९५९ साली ‘हिंद केसरी’ झाले श्रीपती खंचनाळे, आणि पाठोपाठ १९६० साली गणपतराव आंदळकर. दोघेही कोल्हापूरच्या मातीत घडलेले. लातूरकडून गंगावेशीत आलेल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. आता जागतिक कुस्ती गादीवर चालते, गुणांवर आणि घड्याळावर चालते. मातीतल्या पोराला सारे नव्याने गिरवावे लागते, तेही खाशाबांसारखेच.

आणि गंमत पाहा! पेठांतल्या पुष्कळ तालमींची नावे आज फुटबॉलच्या मैदानावर गाजतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम हे सारे फुटबॉलचे संघ. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला म्हणजे पेठच्या पेठ ओस पडते. हौदातल्या लंगोटाची जागा बुटांनी घेतली, तरी पोराच्या पाठीशी पेठ उभी राहण्याची रीत तशीच आहे.

आपल्या शहरांतल्या व्यायामशाळांत आपण महिन्याची फी भरतो, आरशासमोर उभे राहतो आणि कमावलेले दंड आपलेच असतात. त्यात वाईट काहीच नाही. आमच्या चिरंजीवांचेही तेच चालले आहे. पण ज्याच्या दुधाला बापाने म्हैस ठेवली, प्रवासाला गुरूने घर गहाण टाकले आणि जिंकल्यावर फेटा पेठेने बांधला, त्याला आपली ताकद एकट्याची मानता येत नाही. तालीम या शब्दाचा अर्थ शिक्षण, तो मला कोशात मिळाला होता. हे शिक्षण कशाचे, ते मात्र कोल्हापुरात कळले.