आवाज आधी जातो

कारंज्याचं छोट्या गाडीचं स्टेशन. अडीच फुटी नॅरोगेज, मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर, वऱ्हाडचा कापूस विलायतेच्या वाटेला लावण्यासाठी टाकलेली. शकुंतला. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत तिच्या दिमतीला होतं. मग डिझेल आलं, मग गाडीच बंद पडली. कॅमेऱ्याला इथं भरपूर मिळतं: गवतात बुडालेले रूळ, गंजलेल्या खिळ्यांवरचं दुपारचं ऊन. शिट्टी मात्र नाही. इंटरनेटवर शिट्ट्या ढिगानं मिळतात, आणि कुठल्याशा डोंगरातल्या गाडीची शिट्टी या रुळांवर चिकटवायला वेळ लागत नाही. चिकटवू नये. रूळ दाखवावेत आणि त्या घटकेला तिथं जे ऐकू येतं तेच ठेवावं. शेळ्या चरत असतील तर शेळ्या.

वाशीम जिल्ह्यात मोबाइल आणि साधा रेकॉर्डर घेऊन प्रयोगाचे लघुपट करू पाहणाऱ्या पोरापोरींना माझं एवढंच सांगणं आहे. वस्तू पडून राहते, तिचा आवाज आधी जातो. म्हणून आधी कान लावावा. पुढची यादी त्यासाठी.

धाव. बंडीच्या लाकडी चाकावर बसवतात ती लोखंडी पट्टी. लोहार ती चाकाच्या मापापेक्षा किंचित लहान ठेवतो. गोवऱ्यांच्या आरात ती लालबुंद झाली, फुगली, की सांडशीनं धरून चाकावर उतरवतात, घणानं ठोकतात आणि लाकूड पेट घेतं न घेतं तोच पाणी ओततात. चर्रर्र होतं, वाफ उठते, आणि सगळे तिथंच थांबतात. रेकॉर्डर बंद करू नका. लोखंड आकसायला लागतं, चाकाच्या कडेचे पाटे एकमेकांत दाबले जातात, आरे मधल्या तुंब्यात रुतत जातात, आणि लाकडातून बारीक करकर येते. चाक घट्ट झालं की नाही हे जुना कारागीर त्या करकरीवरून ओळखतो. रबरी टायरच्या बंड्या आल्या आणि हे काम बसलं. धावेची बंडी खडीवर खडखडते, काळ्या वावरात जवळजवळ मुकी होते. एकाच चाकाचे हे दोन आवाज शेजारी ठेवले तरी दोन मिनिटांचा लघुपट होतो, त्याला निवेदन लागत नाही.

एसटीच्या कंडक्टरचा तिकीट पंच. दांडीवर त्याची टकटक ऐकू यायची. आता यंत्रातून कागद सरकतो.

दवंडी. कोतवालाचं डफडं, चौकाचौकात थांबून दिलेली हाळी. गावाचा निरोप आता मोबाइलवर येतो.

मीटरगेज. अकोला–पूर्णा मार्ग 2008 च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. वाशीम स्टेशनात उभं राहिलं की गाडी आजही येते, पण अरुंद रुळांवर डबे ज्या लयीत डुलत यायचे ती लय गेली. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला विचारा. तो ती लय बोटांनी बाकावर वाजवून दाखवेल. ती बोटं टिपा.

ज्वारी. रात्री वाळल्या पानांची सळसळ, सकाळी मचाणावरून गोफण आणि पाखरांवर टाकलेली लांब आरोळी. वावरंच्या वावरं सोयाबीनखाली गेली आणि मचाणं उतरली. याची हळहळ मलाही आहे, पण सोयाबीनला मुकं पीक म्हणणाऱ्यानं ऑक्टोबरच्या उन्हात धुऱ्यावर बसावं. सोंगणी लांबली की शेंगा तडकतात. आधी एखादी, मग इकडून तिकडून, आणि ऊन चढलं की वावरभर. शेतकऱ्याच्या काळजात धस्स होतं, कारण प्रत्येक तडकीत दाणा मातीत जातो. रेकॉर्डर पातळ फडक्यात गुंडाळून ओळीत खाली ठेवावा, उभ्यानं धरला तर वाराच भरतो. चित्रासाठी एकच शेंग पुरे, ती तडकेपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी हेच केलं होतं. कुंडीत वाटाणा पेरला, त्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली, आणि पडद्यावर रोप बघता बघता वर आलं. भांडवल देणाऱ्याला ती फिल्म पटली. आपल्या सिनेमाच्या मुळाशी घरातली एक कुंडी आहे, हे कारंज्या-मानोऱ्याच्या पोरांनी विसरू नये.

पहाट. लुक फेरारी या फ्रेंच संगीतकारानं युगोस्लाव्हियातल्या एका कोळ्यांच्या गावात खिडकीशी मायक्रोफोन ठेवून पहाट ध्वनिमुद्रित केली, आणि 1970 साली जवळजवळ तशीच, वीसेक मिनिटांची रचना म्हणून लोकांपुढे मांडली. मंगरूळपीर, मालेगावकडच्या खेड्यात आज कुणी तसं करील तर कोंबड्याखाली, टिटवीखाली एक अखंड घरघर येईल. ती समृद्धी महामार्गाची. नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, तेव्हापासून आसपासच्या गावांना पूर्ण शांत रात्र नाही. संगणकावर ती घरघर पुसता येते. ठेवावी. आणखी तीस वर्षांनी ऐकणाऱ्याला तीच हवी असेल.

लेंगी. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. तिथं आता नगाऱ्याच्या आकाराचं मोठं संग्रहालय उभं आहे, 5 ऑक्टोबर 2024 ला त्याचं उद्घाटन झालं. दागिने, वेश तिथं नीट जपले जातील आणि ते व्हायलाच हवं होतं. पण लेंगी, म्हणजे होळीचं गाणं, तांड्यावरच ऐकावी लागते, गोरबोलीत, डीजे सुरू व्हायच्या आत. फेटिया-कांचळी घालणाऱ्या आज्या थोड्या उरल्यात. त्या वळल्या की वेशावरच्या भिंगांचे कवडसे समोरच्या कुडावर सरकतात. चेहरा न दाखवता कुडावरचे कवडसे आणि आवाज एवढंच घेतलं तरी चालतं, कित्येकींना तेच बरं वाटतं. आधी विचारावं, आणि झालेलं काम तांड्यावर नेऊन दाखवावं.

हरिविजय. ही या यादीतली सर्वांत जुनी नोंद. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या सर्वसेन राजानं प्राकृतात ‘हरिविजय’ काव्य रचलं. पुढच्या काव्यशास्त्रकारांनी त्याची वाखाणणी केली, पण काव्य हाती लागलं नाही, इतरांच्या ग्रंथांतल्या अवतरणांपुरतंच उरलं. त्याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात, त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं करवलं. तिथली चित्रं आजही बघता येतात. एकाच घराण्याचं चित्र टिकलं आणि वाणी गेली. वाशीमच्या पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर मी हे घोकत बसतो तेव्हा आपल्या कामाची घाई जास्तच जाणवते.

झडत्या. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की एकानं झडती, म्हणजे चढाओढीचं पद, टाकायची, दुसऱ्यानं तिच्यावर चढी द्यायची, आणि गावानं महादेवाचा गजर करायचा. ट्रॅक्टर आले, बैल घटले, तोरणाखालची रांग आखूड झाली. झडत्या पाठ असलेली म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांना ओसरीवर एकटं बसवून म्हणायला लावलं तर दोन म्हणतात आणि अडतात. समोरून उत्तर आल्याशिवाय पुढची आठवत नाही. त्यामुळे एका गावाचे दोघे, जमल्यास जुने प्रतिस्पर्धी, एकत्र बसवावेत. सुरुवातीला गावाचं नाव, तारीख आणि वेळ तोंडानं सांगून ठेवावी, फाइलवर लिहिलेलं हरवतं. पोळा पिठोरी अमावास्येला, आणि त्या दिवशी भोंग्यापुढे काहीच ऐकू येणार नाही. हे काम श्रावणातच उरकावं.