ओहळाकाठचे साइक्स

पुण्याभोवतीच्या उघड्या माळांवर एक लहानसा चंडोल राहतो. अंगाने मातकट तांबूस, डोक्यावर इवलीशी शेंडी आणि गळ्यात इतर पाखरांच्या उचललेल्या लकेरी. पक्षी बघणारी मंडळी त्याच्यासाठी सासवडकडच्या पठारावर पहाटे जाऊन बसतात. त्याचं नाव साइक्सचा चंडोल. हे साइक्स म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स, कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यातले अधिकारी. खडकीच्या लढाईत ते होते. पेशवाई बुडाली तेव्हा अर्थातच पलीकडच्या बाजूला. १८२४ साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं आणि हा माणूस गावं, पिकं, पाऊस, मासे, पाखरं, जे दिसेल ते मोजत सुटला. १८३२ मध्ये त्यांनी या चंडोलाचं शास्त्रीय वर्णन छापलं. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटात गेले. यातलं आज कुणाला काय आठवतं? नाव उरलं ते या चिमूटभर पाखराच्या शेपटीला.

कर्नल जन्मले यॉर्कशरमध्ये, ब्रॅडफर्डजवळ. माझा भाचा तिथून जवळच, लीड्सला असतो. त्याच्याकडे गेले असताना मी त्याला साइक्सबद्दल विचारलं, तर तो हसला. ‘‘मावशी, हडर्सफील्डच्या बाजारात दगड मारलास तर एखाद्या साइक्सलाच लागेल.’’ आणि खरंच, कोन नदीच्या खोऱ्यात शिरलं की हे आडनाव सगळीकडे भेटू लागतं. स्लॅथ्वेट नावाचं गाव आहे तिथे. अस्सल तिथला माणूस त्याला ‘स्लॉइट’ म्हणतो, आणि आपण पुस्तकी उच्चार केला की आपण परके ठरतो. दोन्ही बाजूंना उतार, धुरानं काळवंडलेल्या दगडाच्या भिंती, वीणकरांची जुनी घरं. वरच्या मजल्यावर खिडक्यांची लांबच लांब ओळ, हातमागावर उजेड पडावा म्हणून. त्याहून वर काळी दलदलीची पठारं, आणि तिथून जागोजागी झिरपत खाली येणारे अरुंद ओहळ. काही तर उन्हाळ्यात दिसेनासेच होतात. या असल्या ओहळाला तिकडच्या जुन्या बोलीत ‘साइक’ म्हणतात. बरेचदा तो दोन शेतांची हद्दही असतो. त्याच्या काठी घर असलेला माणूस तो साइक्स. आपल्याकडे ओहोळ आडनावाची माणसं आहेत, तेव्हा यात आपल्याला नवल वाटू नये.

इंग्लंडमध्ये आडनावं नॉर्मन सरदारांबरोबर आली. ती खाली सामान्य माणसापर्यंत झिरपायला दोन-तीनशे वर्षं गेली. तेराव्या-चौदाव्या शतकात एखादा जॉन ओहळाकाठी राहतो म्हणून त्याला तसं म्हणत, आणि उद्या तो टेकडीवर राहायला गेला तर त्याचं नावही बदले. मग कधीतरी नाव घट्ट बसलं. मुलगा ओहळ सोडून गेला तरी ते त्याच्या मागे गेलं. १३७९ साली डोईपट्टी बसवली गेली, तेव्हाच्या वेस्ट रायडिंगच्या याद्या टिकल्या आहेत. त्यात हा बदल होताना दिसतो: काही नावं अजून ओली, काही वाळून पक्की झालेली. सरकारला पैसे हवे असले की माणसाचं नाव नीट लिहिलं जातं, हे तेव्हाही खरं होतं.

आता, ओहळ काही एक नव्हे. त्या मुलखात घळीगणिक ओहळ आहे. म्हणून जुन्या कागदांवरून जाणकारांनी मानलं होतं की साइक्स घराणीही अनेक असणार, एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली. या समजाला धक्का दिला तो आणखी एका साइक्सने. ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स. औषध कंपनी ग्लॅक्सोचे तेव्हाचे प्रमुखही साइक्स, सर रिचर्ड. तुम्ही त्यांचे कोण, असं ब्रायनना लोक विचारत. शेवटी त्यांनी दोघांचं वाय गुणसूत्र तपासून पाहिलं. ते जुळलं! मग त्यांनी यॉर्कशर, लँकेशर, चेशरमधल्या साइक्स पुरुषांकडे नमुने मागितले. पत्राला उत्तर देऊन गालातल्या पेशी पाठवणाऱ्यांपैकी ४८ जणांचे नमुने तपासता आले. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. इंग्लंडात आडनावही त्याच वाटेने जातं. चार खुणा तपासल्या, आणि ४८ पैकी २१ जणांच्या चारही खुणा तंतोतंत सारख्या निघाल्या. शेजारपाजारच्या इतर आडनावांच्या माणसांत तो नमुना सापडला नाही. २००० साली त्यांनी लिहिलं की आजचे साइक्स मूळच्या एकाच पुरुषाचे वंशज असावेत.

ही गोष्ट जगभर गाजली. गाजणारच. कुलपुरुष सापडणं कुणाला आवडत नाही? आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही पहिल्या पानावर मूळ पुरुष ठाण मांडून बसलेला असतो, आणि त्याच्याआधी जणू नुसतं रान होतं.

पण मला त्या उरलेल्या २७ जणांचं कुतूहल वाटलं. नाव साइक्स, वाय मात्र दुसऱ्याच कुणाचं. ब्रायन साइक्स यांनी हिशोब मांडला होता की सातशे वर्षांत पिढीमागे सरासरी १.३ टक्के मुलगे ‘बाहेरच्या’ बापाचे असतील तर हे चित्र जमतं. वर्तमानपत्रांना या आकड्यात बायकांचं पाऊल वाकडं पडलेलं दिसलं. काहींना उलट, इतकं कमी कसं म्हणून यॉर्कशरच्या बायकांच्या पातिव्रत्याचं कौतुक वाटलं. दोन्ही वाचून मला कंटाळा आला. आडनाव आणि रक्त यांची फारकत व्हायला व्यभिचारच कशाला लागतो? लग्नाआधी झालेल्या मुलाला तिकडे आईचं आडनाव लागे. विधवा पुन्हा लग्न करी, आणि मागची मुलं नव्या बापाचं नाव लावत. दत्तक, पोरकं पोर सांभाळणं, जावयाने सासऱ्याच्या जमिनीसोबत त्याचं नावही घेणं, हे सारं होतं. शिवाय दुसऱ्या ओहळाकाठचे खरेखुरे वेगळे साइक्स असतीलच की. त्या २१ जणांना नाव आपसूक मिळालं. या २७ जणांच्या मागे कुठेतरी, कुणीतरी, ते नाव दिलेलं किंवा घेतलेलं असणार.

एकाच कुलपुरुषाच्या सिद्धांतालाही पुढे मुरड पडली. लेस्टरच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग या आनुवंशशास्त्रज्ञांनी ४० आडनावांचे १६७८ पुरुष तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. स्मिथसारख्या गावोगावच्या आडनावात रक्ताचा धागा सापडतच नाही. लोहार काय, प्रत्येक खेड्यात होता. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात मात्र बहुतेक जण एकाच वंशाचे निघतात. पण याचा अर्थ आरंभी एकच माणूस होता असा नव्हे. समजा, पाच घरांनी एकच नाव घेतलं. १३४८-४९च्या काळ्या प्लेगात दोन बुडाली, एकाला मुलीच झाल्या, एकाचा मुलगा लढाईत मेला, आणि पाचव्याला सात मुलगे झाले. सातशे वर्षांनी बघणाऱ्याला वाटतं, पहिल्यापासून पाचवाच होता.

किंग आणि जॉबलिंग यांना एक भलतंच आश्चर्यही मिळालं. पूर्व यॉर्कशरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी सात जणांचं वाय पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांत आढळणारं निघालं. गोरी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या इंग्लिश. आफ्रिकेचा मागमूस घरातल्या कुणाच्या आठवणीत नाही. त्यांचे वंशवृक्ष १७८०च्या दशकातल्या दोन कुटुंबांपर्यंत गेले, आणि ती दोन्ही त्याआधी कुठेतरी एक झालेली असणार. गुलामांच्या व्यापाराच्या काळात आलेला कुणी असेल, किंवा रोमन सैन्याबरोबर आलेला. उत्तर इंग्लंडमधल्या रोमन काळच्या हेड्रियनच्या भिंतीवर आफ्रिकेतून आलेल्या मूर सैनिकांची तुकडी तैनात होती. इंग्लिशपणाचा अभिमान बाळगणाऱ्या एखाद्या आजोबांच्या चेहऱ्यावर ही बातमी ऐकून काय उमटलं असेल, ते बघायला मला फार आवडलं असतं.

स्लॅथ्वेटच्या चर्चच्या आवारात आम्ही थडगी वाचत हिंडलो. साइक्स, हेग, डायसन, बॅमफर्थ, क्वॉर्म्बी, पुन्हा साइक्स. भाचा पुरुषांची नावं बोलून दाखवत होता. माझं लक्ष खालच्या ओळीकडे जात होतं, जिथे ‘वरील इसमाची पत्नी’ असं कोरलेलं असतं. ती जन्मली तेव्हा हेग असेल, डायसन असेल. मेली साइक्स म्हणून. वाय गुणसूत्राच्या पाहणीत ती मोजलीच जात नाही, कारण तिच्याकडे ते नाहीच. मला स्वतःला दोन आडनावं आहेत, एक बँकेत चालतं आणि एक माहेरच्या गावात. त्यामुळे हे मला टोचतं, हे कबूल. पण हिशोबही माझ्याच बाजूचा आहे. सातशे वर्षं म्हणजे साधारण तेवीस पिढ्या. दरेकाला आई आणि बाप, असं मागे मोजत गेलं तर तेविसाव्या पिढीत पूर्वजांच्या ८३,८८,६०८ जागा भरतात. तेव्हा सगळ्या इंग्लंडची वस्तीही एवढी नव्हती, म्हणजे तीच माणसं त्या तक्त्यात पुन्हा पुन्हा येऊन बसलेली. या त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी लाखांपैकी वाय गुणसूत्र एकाच खुर्चीचा पत्ता सांगतं. बाकीच्या खुर्च्यांवर खोऱ्यातले हेग, डायसन, बॅमफर्थ सगळे दाटीवाटीने बसलेले आहेत, आणि कुठल्याही डायसनच्या तक्त्यात साइक्सही तसेच.

कर्नल साइक्स यांना गुणसूत्र ठाऊक असणं शक्यच नव्हतं. १८३५ साली त्यांचा दख्खनच्या जमीनधारणेवरचा निबंध छापून आला, तो मात्र नाव आणि रक्त यांच्या याच प्रश्नाच्या भोवती फिरतो. गावची जमीन थळांत, म्हणजे तुकड्यांत, वाटलेली असे, आणि थळाला मूळच्या मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमीन धरणाऱ्या, घराण्याचं आडनाव असे. घराणं निर्वंश झालं, परागंदा झालं, तरी थळाचं नाव तेच राही. अशा जमिनीला गतकुल म्हणत. ती उपऱ्याला, बाहेरून आलेल्या कुळाला, कसायला मिळे. गावकीने मिरासपत्र करून दिलं तर उपरी मिरासदार होई. त्याची नातवंडं त्या जमिनीवर वाढत, तिथल्या विहिरीचं पाणी पीत, आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या थळझाड्यात, म्हणजे थळांच्या यादीत, नोंद व्हायची ती कधीच्या मेलेल्या, त्यांच्या कुणीच नसलेल्या घराण्याच्या नावापुढे. कर्नल ही नावं टिपून घेत होते. ओहळाकाठच्या त्या २७ जणांची कथा जुन्नरच्या कुणा उपऱ्याला सांगितली असती, तर त्याला समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.