सांभाळून घ्या

ऑनलाइन गेममध्ये एकटं खेळणं सोपं असतं, कारण आपण कुणाचा वेळ खात नाही. 'फायनल फँटसी फोर्टीन'च्या पहिल्या १५ लेव्हल मी अशाच काढल्या. मेले तर पुन्हा उठले, कंटाळा आला तर लॉगआउट. मग कथा 'सस्ताशा' नावाच्या समुद्रकाठच्या गुहेपाशी येऊन थांबली. हे गेममधलं पहिलं डंजन. इथे चौघं लागतात: अंगावर मार झेलणारा टँक, मारा करणारे दोघं आणि सगळ्यांना जिवंत ठेवणारा हीलर.

हीलर मी होते.

२०२२ पासून या गुहेत संगणकाने चालवलेले सोबती घेऊनही जाता येतं. ते चिडत नाहीत, घाई करत नाहीत. पण ज्याला मेल्याचं काहीच वाटत नाही त्याला जिवंत ठेवण्यात कसली मजा? मला माणसांबरोबर जायचं होतं. भीतीही माणसांचीच होती.

म्हणून तयारी. १५व्या लेव्हलला 'हॉल ऑफ द नोव्हिस' उघडतो, तिथे आपल्या भूमिकेचे धडे मिळतात. जमिनीवर नारिंगी डाग दिसला की बाजूला व्हायचं. राक्षस आपल्यावर धावून आला तर पळायचं, पण लांब नाही, थेट टँककडे, म्हणजे तो त्याला स्वतःकडे ओढून घेऊ शकतो. हे पायांना पटायला वेळ लागतो. धडे संपले की कपडे मिळतात आणि एक अंगठी, जिच्यामुळे ३०व्या लेव्हलपर्यंत ३० टक्के जास्त अनुभव मिळतो.

मग बोटांची तयारी. एक मंत्र टाकला की पुढच्या मंत्राला साधारण अडीच सेकंद थांबावं लागतं. म्हणजे टँकची पट्टी रिकामी व्हायला आल्यावर बटण शोधत बसलात तर उशीर झालेला असतो. पडलेल्याला उठवायचा मंत्र तर ८ सेकंदांचा. तेवढा वेळ बाकी दोघांना तुमच्याकडून काही मिळत नाही. मी 'क्युअर' १ वर ठेवला आणि 'रेझ' लांबच्या बटणावर, घाईत चुकून दाबला जाऊ नये म्हणून.

घरची तयारी वेगळी. या गेमला पॉझ नाही, आणि मध्येच सोडून गेलं तर पुढची ३० मिनिटं रांगेत उभं राहता येत नाही. "आई, अर्धा तास हाक मारू नकोस."
"का, परीक्षा आहे का?"
"तसंच समज."

राहिली भाषा. मी जपानमधल्या सर्व्हरवर खेळते. गेममध्ये तयार वाक्यांचा एक कोश आहे. त्यातलं वाक्य निवडलं की समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसतं. त्यात मराठी अर्थातच नाही. मी रोमन अक्षरांत दोन शब्द पाठ केले: 'हाजिमेते देसु'. पहिल्यांदाच आलेय.

गुहेत शिरल्याबरोबर गेमनेच सगळ्यांना सांगून टाकलं की इथे कुणीतरी नवीन आहे. त्याबद्दल बाकीच्यांना जास्तीचं बक्षीस मिळतं. नावाशेजारी कोवळ्या पानांचं चिन्ह होतंच. तरी मी माझे दोन शब्द टाईप केले. खाली एकापाठोपाठ तीन ओळी उमटल्या, तिन्ही सारख्याच: 'योरोशिकु ओनेगाइशिमासु'.

इंग्रजीत याचं भाषांतर करताना लोक अडखळतात. मराठीत आपल्याकडे त्याच्या जवळचं वाक्य आहे: सांभाळून घ्या. लग्नात मुलीकडची माणसं हात जोडून म्हणतात ते. मला त्या वाक्याचा नेहमी राग येतो, कारण तिथे ते एकाच बाजूने म्हटलं जातं. इथे जुन्या, मुरलेल्या तिघांनी ते नवख्या मुलीला म्हटलं होतं. आणि ते खोटं नव्हतं. त्यांचा जीव खरंच माझ्या बोटांत होता.

शेवटच्या लढाईत पाण्यात बुडबुडे दिसले की तिथे जाऊन ते बंद करायचे असतात, नाहीतर आणखी राक्षस वर येतात. आमच्यातला एकजण ते करत धावत होता, तो पडला. टँकची पट्टी अर्ध्यावर. आधी टँकला दोन 'क्युअर', मग ते ८ सेकंद. इतके लांब ८ सेकंद मी आयुष्यात मोजले नव्हते. तो उठला, त्याने वाकून नमस्कार केला आणि पुन्हा बुडबुड्यांकडे धावला.

तयारी म्हणजे पुन्हा कधी कुणाची गरज पडू नये यासाठी करायची गोष्ट, असं शाळेपासून मनात बसलेलं असतं. डंजनची तयारी उलटी आहे. चौघांपैकी कुणीही एकटा पुरेसा नसतो, आणि गेमने मुद्दामच तसं बनवलंय. तुम्ही तयारी करता ती दुसऱ्याने तुमच्यावर विसंबावं म्हणून.

आता कधीकधी तो नव्या माणसाचा संदेश मला दिसतो, दुसऱ्या कुणासाठी. पानांचं चिन्ह असलेला तो दाराशी गप्प उभा असतो. अशा वेळी त्याने लिहायची वाट मी बघत नाही. ती ओळ आधी मीच टाकते.